निओह २ नव्याने सुरू करताय? दम, पवित्रा आणि बाकीचे नेहमीचे प्रश्न

निओह २ या व्हिडिओ गेममध्ये पहिल्याच संध्याकाळी पंधरा वेळा मेलेली मंडळी जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. मीही त्याच रांगेतून आलोय, त्यामुळे उत्तरांत थोडी जुनी जखम दिसेल. बटणं प्लेस्टेशनच्या कंट्रोलरची दिली आहेत. कथेतली मोठी गुपितं फोडलेली नाहीत.

पहिला निओह न खेळता थेट दुसरा घेतला तर चालेल का?

चालेल. कथेच्या क्रमाने दुसराच आधी येतो. पहिला निओह २०१७ साली आला. तो इसवी सन १६०० च्या आसपास घडतो आणि त्याचा नायक आहे खऱ्या विल्यम ॲडम्स या इंग्रज खलाशावर बेतलेला विल्यम. दुसरा मार्च २०२० मध्ये आला आणि त्याची कथा १५५५ साली जपानच्या मिनो प्रांतात सुरू होते. यात पात्र तुम्ही स्वतः घडवता, अर्धं माणूस आणि अर्धं योकाई. योकाई म्हणजे जपानी भुतं, राक्षस, झपाटलेली जनावरं, सगळी एकाच टोपलीत. शेवटाकडे दोन्ही कथांचे धागे जुळतात, तेव्हा पहिला खेळलेल्यांना थोडी जास्त मजा येते, एवढाच फरक. फेब्रुवारी २०२१ मध्ये पीसी आणि पीएस-५ वर तिन्ही डीएलसींसह (म्हणजे मूळ खेळानंतर आलेल्या जादा भागांसह) पूर्ण आवृत्ती आली. आता घेणार असाल तर तीच घ्या.

खरंच इतका अवघड आहे का? सोपी पातळी निवडता येते का?

अवघड आहे, आणि सोपी पातळी नाही. पण खेळ सोपा करून घ्यायचे रस्ते खेळातच पेरलेले आहेत: लेव्हल वाढवणं, सोबती बोलावणं, जादू, निन्जा सामान, बरं चिलखत. ते वापरणं म्हणजे लबाडी असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बनवणाऱ्यांनी ते वापरायलाच ठेवलेत.

नवी माणसं इथे हरतात ती बोटं हळू चालतात म्हणून नव्हे. ती हरतात घाईमुळे. पुढचं उत्तर त्याचंच आहे, आणि या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर तेवढं वाचा.

दोन-चार वार केले की माझं पात्र धापा टाकत उभं राहतं आणि मार खातं. असं का?

कारण दम संपतो. आयुष्याच्या पट्टीखाली जी दुसरी पट्टी असते तिला खेळात ‘की’ म्हणतात. हा शब्द मराठी वाक्यात घातला की (बघा, लगेच घोळ झाला) वाचणारा अडखळतो, म्हणून मी सरळ ‘दम’ म्हणतो. अर्थही जवळपास तोच.

वार केला, दम गेला. ढालीसारखं हत्यार धरून मार अडवला, दम गेला. उडी मारून चुकवलं, तरी गेला. नवा खेळाडू काय करतो? बॉसचं (मोहिमेतल्या मोठ्या शत्रूचं) आयुष्य चिमूटभर उरलेलं दिसतं, त्याला वाटतं आणखी एक वार बसतोय. तो एक वार घेतो. दम शून्यावर येतो, बॉस हात उगारतो, आणि आता चुकवायला काही शिल्लक नसतं. माझ्या पहिल्या पन्नास मरणांतली निम्मीशिम्मी तरी या ‘आणखी एका’ वारानेच झाली असतील.

म्हणून पहिली सवय लावायची ती डोळ्यांना. बॉसकडे बघता बघता अधूनमधून स्वतःच्या दमाच्या पट्टीकडे बघायचं. पट्टीचा साधारण तिसरा हिस्सा उरला की हात आवरायचा. तो हिस्सा पळायला लागतो. दम खायला मागे सरकलात तर तो भराभर भरून येतो. मात्र अडवायचं बटण दाबून ठेवलंत तर तो हळू भरतो. अनेकांना हे बरेच दिवस कळत नाही. ती एल-१ घट्ट धरून ‘सुरक्षित’ उभी राहतात आणि दम का येत नाही म्हणून चरफडतात.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची: दम शत्रूलाही आहे. त्याच्या आयुष्याच्या पट्टीखाली त्याचीही दमाची पट्टी असते. माणूस-शत्रू दम संपल्यावर लडखडला की जवळ जाऊन त्रिकोण दाबा, मोठा घाव बसतो. योकाईचं थोडं वेगळं. त्याच्या दमाची कमाल मर्यादाच मार खाऊन घटत जाते, आणि ती पार संपली की काही क्षण तो प्रत्येक वाराला झोकांड्या खातो. तेव्हा मनसोक्त हाणा. बॉसचं आयुष्य संपवायला जाऊ नका, आधी त्याचा दम संपवा. हे एकदा डोक्यात बसलं की खेळ निम्मा सोपा होतो.

की पल्स म्हणजे काय? मला वेळ साधतच नाही.

वार संपला की पात्राच्या अंगाभोवती निळसर पांढरे ठिपके गोळा होऊ लागतात. ते दाटून आले की आर-१ दाबायचं. वारात खर्च झालेला बराचसा दम तिथल्या तिथे परत मिळतो. लवकर दाबलंत तर थोडा मिळतो, उशीर झाला तर काहीच नाही.

शिकायची रीत सांगतो. पहिल्या मोहिमेत साधे, एकटे फिरणारे शत्रू पकडा. एक वार, मग पल्स. असं दहा वेळा. मग दोन वार आणि पल्स. मग तीन. ठिपके बघत बसण्यापेक्षा ताल धरा. तिहाई घेऊन समेवर यावं तसं शेवटच्या वारानंतर बोट आपोआप आर-१ वर पडायला हवं. दोन-तीन दिवसांत ते पडू लागतं, आणि मग पल्स न करता वार करणं विचित्र वाटायला लागतं.

पल्सचं आणखी एक काम आहे. योकाई कधी कधी जमिनीवर काळपट धुक्याचं डबकं सोडतात. त्यात उभं राहिलं की तुमचा दम फार हळू भरतो आणि त्यांचा मात्र लवकर. डबक्यात उभं राहून नीट पल्स केला की ते पुसलं जातं.

हे जमलं की सामुराई कौशल्यांच्या झाडातून ‘फ्लक्स’ घ्या. पल्स करताना पवित्रा बदलला तर दम आणखी परत मिळतो. आधी नका घेऊ. एका वेळी एकच गोष्ट.

उंच, मधला आणि खालचा पवित्रा, यांतला कधी कुठला?

आर-१ धरून त्रिकोण दाबला की उंच, चौकोन दाबला की मधला, एक्स दाबला की खालचा. उंच पवित्र्यात घाव मोठा आणि दमाचा खर्चही मोठा. मधल्यात अडवणं सगळ्यात भक्कम. खालच्यात घाव हलका, पण चुकवणं चपळ.

पुस्तकी उत्तर असं की तिन्ही सतत बदलत राहा. सुरुवातीला ते जमत नाही, आणि न जमल्याने कुणी मरत नाही. मी नव्यांना सांगतो, पहिल्या दोन मोहिमा मधल्या पवित्र्यात काढा. बॉस धापा टाकत कोसळला की तेवढ्यापुरता उंच घ्या. एखादा बॉस फार झपाट्याने वार करत असेल तर खालचा घेऊन आधी नुसतं चुकवायला शिका, मारायला नंतर. पुढे हात आपोआप फिरायला लागतो.

सुरुवातीला कोणतं हत्यार निवडू?

मूळ खेळात नऊ प्रकार आहेत: तलवार, जोडतलवारी, भाला, कुऱ्हाड, कुसारिगामा म्हणजे साखळी लावलेला विळा, ओदाची ही लांबलचक तलवार, टोनफा म्हणजे आडव्या मुठीच्या काठ्या, जोडकुऱ्हाडी, आणि रूप बदलणारा स्विचग्लेव्ह. डीएलसींमधून दोन आणखी आले, स्प्लिटस्टाफ आणि मुठी. सुरुवातीलाच दोन निवडायला मिळतात.

माझा कल भाल्याकडे. लांब आहे, त्यामुळे अंतर ठेवून लढता येतं, आणि अंतर ठेवणं हीच नव्या माणसाची खरी ढाल. तलवारही चांगली, तिच्यात काहीच टोकाचं नाही. कुऱ्हाड आणि ओदाची दिसायला रुबाबदार, पण हळू. चुकलेला एक घाव तिथे फार महाग पडतो. कुसारिगामा मला आजतागायत नीट जमलेलं नाही, त्यामुळे त्याबद्दल कुणा दुसऱ्याला विचारा.

निवडलेलं हत्यार दर अर्ध्या तासाने बदलू नका, एवढं पाळा. त्या प्रकारातलं कौशल्य वापरानेच वाढतं, आणि हातात असलेलं ते एक हत्यारही वापरून वापरून अंगवळणी पडतं, तसा त्याचा घाव वाढतो.

रक्षक आत्मा कुठला घ्यावा?

रक्षक आत्मा म्हणजे तुमच्या पात्राचा पाठीराखा. सुरुवातीला तीन पर्याय समोर येतात: शिन-रोकू हे हरीण, माकामी हा लांडगा आणि आमे-नो-मितोरी. ते अनुक्रमे ब्रूट, फेरल आणि फँटम या तीन योकाई रूपांचे. ही काही जन्माची गाठ नाही, पुढे भरपूर आत्मे मिळतात. पण रूपाप्रमाणे बर्स्ट काउंटर, म्हणजे शत्रूचा जबर वार उलटवायची चाल, बदलतो, तो जरूर बघा. ब्रूट पुढे धावून जाऊन शत्रूवर आदळतो. फेरल झटक्यात सरकून शत्रूच्या अंगातून आरपार जातो. फँटम जागेवर उभा राहून वार झेलतो आणि परतवतो. मला ब्रूट सोपा गेला, कारण शत्रू लांबून येताना दिसला तरी पुढे घुसता येतं. ज्यांना वार अंगावर येईपर्यंत थांबायचा धीर आहे त्यांना फँटम आवडतो.

शत्रू लाल चमकतो आणि मग जबर मारतो. ते कसं थांबवायचं?

तोच बर्स्ट काउंटरचा क्षण. आर-२ धरून गोल. लाल चमक दिसताच दाबायचं नाही, वार तुमच्यापर्यंत पोचायच्या बेतात असताना दाबायचं. नेमकं बसलं तर शत्रूच्या दमाला मोठं भगदाड पडतं. चुकलं तर मार तुम्ही खाता. यासाठी जांभळ्या पट्टीतला ‘अनिमा’ थोडा खर्च होतो आणि वार करत राहिलं की तो भरत राहतो.

एक युक्ती चालते. नव्या बॉसशी पहिल्या दोन-तीन लढाया जिंकायच्या नाहीतच असं ठरवून जा. त्याचा लाल वार कोणता, तो किती वेळाने पोचतो, एवढंच बघा आणि तिथे फक्त काउंटर मारायचा सराव करा. मेलात तर मेलात.

पहिल्याच मोहिमेत अडकलोय. काय करू?

आधी खात्री करा की कुणाशी अडकलात. मोहिमेच्या सुरुवातीलाच वाटेत बैलाच्या तोंडाचा गोझुकी उभा असतो. बहुतेकांना वाटतं हाच बॉस. तो बॉस नाही, आणि त्याला आत्ता मारलंच पाहिजे असंही नाही. वळसा घालून निघून जा. पुढे बळ आलं की परत येऊन हिशेब चुकता करता येतो, त्यात वेगळीच मजा आहे.

खरा बॉस मेझुकी, घोड्याच्या तोंडाचा. त्याच्याकडे जायच्या आधी पाच-सात लेव्हल वाढवून घ्या. समोर उभं राहून घावांची अदलाबदल करू नका, त्याच्या पायांजवळ, बाजूला किंवा पाठीमागे राहा. मोठा वार करून तो सावरत असतो तेव्हा दोन घाव, फार तर तीन, पल्स, आणि बाजूला. लढाईच्या मध्ये भोवतालचं जग राखाडी होतं. तेव्हा तुमचा दम हळू भरतो, त्यामुळे दोन घावांचा हिशेब एकावर आणा. ते ओसरेपर्यंत जिवंत राहणं एवढंच काम.

त्याच्यानंतर धुराचा एनेनरा येतो. तो मेझुकीपेक्षा फार वेगवान आहे आणि अनेकांना तोच खरा पहिला बॉस वाटतो. मग सापांचा यात्सु-नो-कामी. त्याच्याकडे जाताना विषावरचं औषध घेतल्याशिवाय जाऊ नका.

मेल्यावर काय काय जातं?

शत्रू मारून मिळालेलं, अजून न खर्चलेलं अमृत तुमच्या थडग्यापाशी पडून राहतं आणि रक्षक आत्माही तिथेच थांबतो. तिथवर जिवंत पोचलात तर सगळं परत. वाटेत पुन्हा मेलात तर अमृत गेलं. योकाई मारल्यावर मिळणारे सोल कोअर मंदिरात नेऊन शुद्ध केले नसतील तर तेही धोक्यात.

म्हणून मंदिर दिसलं की प्रार्थना करायची, आणि लेव्हल वाढवता येत असेल तर तिथेच वाढवायची. प्रार्थनेनंतर मेलेले शत्रू परत उभे राहतात हे खरं, पण हातात दोन लेव्हलचं अमृत घेऊन अनोळखी वाटेला लागणं म्हणजे लग्नाचे दागिने अंगावर घालून लोकलच्या गर्दीत शिरण्यासारखं आहे.

थडगं बॉसच्या आखाड्यात पडलं असेल तर? मंदिरातून आत्मा परत बोलावता येतो, पण ते अमृत सोडून द्यावं लागतं. आत्म्याशिवाय बॉसशी लढण्यापेक्षा रक्कम छोटी असेल तर सोडा.

लेव्हलचे गुण कुठे टाकू?

प्रत्येक हत्याराचा जीव एका मुख्य गुणात असतो. तलवारीचा हार्टमध्ये, भाल्याचा कॉन्स्टिट्यूशनमध्ये, ओदाचीचा स्ट्रेंग्थमध्ये, कुसारिगामाचा डेक्स्टेरिटीमध्ये, स्विचग्लेव्हचा मॅजिकमध्ये. भालावाल्यांचं नशीब चांगलं, कारण कॉन्स्टिट्यूशनने आयुष्यही वाढतं. तलवारवाल्यांना हार्टमधून दम मिळतो. दम लवकर भरून यायला करेज लागतं, आणि जास्त वजन पेलायला स्टॅमिना.

सुरुवातीच्या लेव्हल स्वस्त असतात, त्यामुळे पहिल्या काही तासांत सगळीकडे थोडं थोडं टाकलं तरी बिघडत नाही. मॅजिक आणि डेक्स्टेरिटी तर दोन्ही थोडी वाढवाच, कारण जादू आणि निन्जा सामान किती बाळगता येईल ते त्यांवर ठरतं. गुण चुकले म्हणून नवा खेळ सुरू करू नका. ‘बुक ऑफ रिइन्कार्नेशन’ विकत घेऊन सगळे गुण परत मोकळे करता येतात. किंमत मात्र दर खेपेला चढते.

जड चिलखत बरं की हलकं?

वजनाचा आकडा बघा. एकूण क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या आत राहिलात तर चपळाई ‘बी’ राहते आणि नव्या माणसाला ती पुरते. त्यापुढे गेलात की लोळण जड होते आणि दमही जास्त जातो. ३० टक्क्यांच्या आतली ‘ए’ चपळाई सुखाची, पण तिथे एखादा घाव बसला की प्राण कंठाशी. मी ७० च्या जेमतेम खाली राहतो. चिलखतावर एखाद्या गुणाची अट लिहिलेली असते. तेवढा गुण नसेल तर त्याचे खास फायदे लागू होत नाहीत, हेही बघून घ्या.

लुटीचा ढीग साचलाय. काय ठेवू, काय फेकू?

पांढरं साधं, मग पिवळं, निळं, जांभळं. रंग जितका पुढचा तितके जोडफायदे जास्त. पण पहिल्या भागात दर मोहिमेला चांगलं सामान मिळत राहतं, म्हणून जीव लावू नका, आकडा मोठा दिसला की चढवा. बाकीचं मंदिरात अर्पण करा, थोडं अमृत मिळतं. लोहाराकडे तोडून कच्चा माल करा. सोल मॅचवर म्हणजे जुनं हत्यार नव्याच्या पातळीवर आणण्यावर पैसे आत्ताच उडवू नका. तासाभरात त्याहून चांगलं जमिनीवर पडलेलं सापडेल.

जादू आणि निन्जा विद्या गरजेची आहे का?

गरजेची नाही. पण न वापरणं म्हणजे डबा नेऊन उपाशी बसणं. ओन्म्यो जादूतला स्लोथ तावीज शत्रूला काही काळ मंद करतो. ज्या बॉसने तुम्हाला रडवलं तो अचानक पाण्यात चालल्यासारखा वाटतो. हत्यारावर आग, पाणी किंवा वीज चढवणारे तावीजही आहेत. एकाच शत्रूवर दोन वेगळ्या तत्त्वांचा परिणाम लागला तर तो गोंधळतो आणि त्याचा दम भराभर तुटतो. निन्जाकडून क्विक-चेंज स्क्रोल घ्या. तो चालू असताना मेलात तर एकदा तिथेच उठता.

नवे खेळाडू इथे एका गोष्टीला फसतात: विद्या शिकली म्हणजे ती पिशवीत आली असं नाही. मंदिरात जाऊन ती ‘तयार’ करावी लागते आणि मग बटणाला जोडावी लागते. त्यानंतर प्रत्येक प्रार्थनेला ती भरून मिळते, म्हणून जपून ठेवू नका, वापरा.

धनुष्य आणि बंदूक विसरू नका. माणूस-शत्रूच्या डोक्यावर नेम बसला तर बहुतेकदा तो तिथेच जातो. शिरस्त्राण असेल तर आधी ते उडतं. घोळका दिसला की लांबून एकाला बाण मारून एकट्यालाच ओढून आणायचं, हे तर खेळभर कामाला येतं. (या बंदुका जपानात पोचल्या १५४३ साली, तानेगाशिमा बेटावर, पोर्तुगीजांबरोबर. तेच पोर्तुगीज १५१० पासून गोव्यात बसलेले.)

निळी आणि लाल थडगी कसली?

निळ्या थडग्यातून दुसऱ्या खेळाडूच्या पात्राचं भूत तुमच्या बाजूने लढायला उठतं. ते संगणक चालवतो. त्यासाठी ओचोको नावाची प्याली लागते. बॉसच्या दाराजवळ निळं थडगं असेल तर प्याली तिथेच खर्चा. सोबती बॉसचं लक्ष वेधून घेतो तेवढ्यात तुम्हाला दम खायला वेळ मिळतो. लाल थडग्यातलं भूत मात्र तुमच्याशीच लढतं, आणि हरलं तर अंगावरचं सामान टाकतं. त्याची लेव्हल दिसते, तुमच्यापेक्षा फार वर असेल तर नमस्कार करून पुढे व्हा. खऱ्या मित्राबरोबर खेळायचं तर ऑनलाइन तिघांपर्यंत एकत्र जाता येतं.

ती हिरवी बुटकी बाळं आणि गुबगुबीत मांजर?

हिरवी म्हणजे कोदामा, झाडांचे आत्मे. रस्ता चुकून कोपऱ्याकोपऱ्यात बसलेले असतात. सापडले की मंदिरात परत जातात आणि त्यांच्या आशीर्वादाने औषधाच्या कुप्या जास्त मिळण्यासारखे फायदे होतात. शोधत चला. मांजर म्हणजे स्कॅम्पस. त्याला गोंजारलं तर गडगडत तुमच्यामागे येतं. कामाचं आहेच, पण मी फक्त गोंजारायला थांबतो.

अमृत, निओ... ही नावं ओळखीची का वाटतात?

कारण त्यांचं मूळ आपल्याकडेच आहे. बौद्ध धर्म भारतातून चीन आणि कोरियामार्गे जपानात पोचला तेव्हा त्याच्याबरोबर देव, यमदूत आणि शब्दही गेले. खेळातलं ‘अमृत’ हे आपलंच अमृत. ‘गाकी’ नावाचे ढेरपोटे, भुकेले शत्रू म्हणजे प्रेत. गोझुकी आणि मेझुकी हे बैलाच्या आणि घोड्याच्या तोंडाचे नरकाचे पहारेकरी.

खेळाचं नाव सगळ्यात रंजक. निओ म्हणजे जपानी बौद्ध देवळांच्या दाराशी उभे असणारे दोन आडदांड रक्षक. नारा इथल्या तोदाईजी मंदिराच्या दक्षिण महाद्वारात उंकेई, काईकेई आणि त्यांच्या शिष्यांनी १२०३ साली घडवलेले लाकडी निओ आजही उभे आहेत, आठ मीटरहून उंच. एकाचं तोंड उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं. उघडं तोंड ‘अ’ म्हणतं आणि मिटलेलं ‘हुं’, म्हणजे सुरुवात आणि शेवट. या निओंचं मूळ आहे हातात वज्र धरलेला वज्रपाणी. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात गाभाऱ्याकडे जाताना दोन बाजूंना पद्मपाणी आणि वज्रपाणी रंगवलेले आहेत. शाळेच्या सहलीत तुम्ही बहुधा पद्मपाणीसमोरच थांबला असाल, सगळेच थांबतात. पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूला बघा. खेळाच्या नावातला पैलवान तिथे किती शांत चेहऱ्याने उभा आहे, हे पाहून मला तरी गंमत वाटली होती.

इतिहास कितपत खरा?

सांगाडा खरा, मांस कल्पनेचं. मिनोचा ‘साप’ म्हणून ओळखला जाणारा साइतो दोसान, १५६० ची ओकेहाझामाची लढाई, ओदा नोबुनागा या सरदाराचा १५८२ मध्ये क्योतोच्या होन्नोजी मंदिरात झालेला अंत, हे सगळं घडलेलं आहे. तुमच्याबरोबर हिंडणारा बोलघेवडा तोकिचिरो हाही हवेतून आलेला नाही. गरिबीतून वर चढून पुढे जपानचा कारभार हाती घेतलेल्या तोयोतोमी हिदेयोशीचं ते तरुणपणीचं नाव. हे माहीत असलं तर त्याच्या थट्टेखालची भूक आधीच दिसायला लागते.

पीसीवर कीबोर्डने चालेल?

चालतं, पण कंट्रोलर घ्या. आर-१ धरून तीन बटणं, आर-२ धरून तीन बटणं, अशा जोड्यांवर सगळा खेळ उभा आहे.

डीएलसी कधी खेळू?

मूळ कथा संपल्यावर. तिन्ही २०२० च्या जुलै ते डिसेंबरमध्ये आल्या आणि मुख्य कथा पार केलेल्यांसाठीच बेतल्या आहेत. तेव्हाच ‘ड्रीम ऑफ द सामुराई’ या पहिल्या पातळीनंतरच्या जास्त कठीण पातळ्याही उघडतात. आत्ता त्यांचा विचार नको.

पॉज कसा करायचा?

होत नाही. मेन्यू उघडला तरी शत्रू चालतच राहतो. एनेनराच्या लढाईत मी त्याला शेवटच्या बोटभर आयुष्यावर आणला होता. स्वयंपाकघरातून आईची हाक आली, “अरे, तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद कर.” मी कंट्रोलर ठेवून धावलो. परत आलो तेव्हा डाळ बरोबर शिजली होती आणि पडद्यावर माझं थडगं होतं. नंतरच्या एका अपडेटमध्ये फोटो मोड आला. तो उघडला की सगळं जागच्या जागी थांबतं. कुकर लावला असेल तर ते बटण आधी शोधून ठेवा.